टोल्युइनचे लिटर आणि किलो जुळत नाहीत? तापमानाप्रमाणे घनता काढायची साधी पद्धत

मे महिन्यात टोल्युइनच्या (हे एक सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव) टँकचा डिप घेतला, म्हणजे आत टेप सोडून मालाची उंची मोजली, की स्टॉक जास्त भरतो आणि जानेवारीत नाइट शिफ्टला घेतला की कमी भरतो, असं ज्यांच्याकडे होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, कारण मिथेनॉल, ॲसिटोन, झायलिन सगळ्यांना गणित हेच, फक्त आकडे बदलतात. मी टोल्युइन घेतलंय कारण माझी अर्धी नोकरी त्याच्याच वासात गेली.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगतो. कोकणातल्या एका एमआयडीसीत मी तेव्हा क्यूसीत, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला, होतो. मे एंडच्या स्टॉकला पुस्तकापेक्षा जवळजवळ ३०० किलो माल जास्त निघाला. वरनं फोन आला, मीटिंग बसली, स्टोअरच्या काकांना बोलावलं. काका रिटायरमेंटला आलेले, कुणाला घाबरायचे नाहीत. ते म्हणाले, "साहेब, कमी भरलं असतं तर तुम्ही मला चोर म्हणाला असतात. जास्त भरलंय, मग मी काय घरनं आणून ओतलं काय?"

सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला. जानेवारीत तोच टँक कमी भरला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मग मी बसून मागचं रजिस्टर काढलं. त्यात डिप होता, लिटर होते, किलो होते, सही होती, पण तापमानाचा कॉलमच नव्हता. आलेल्या लिटरला सरळ ०.८६७ नी गुणलेलं, बाराही महिने, पावसाळा असो की उन्हाळा.

आता ०.८६७ हा आकडा खोटा नाही, २० डिग्रीला टोल्युइनची घनता ०.८६६९ किलो प्रति लिटर असतेच, कुठल्याही हँडबुकात बघा. पण कोकणातल्या टँकमधलं टोल्युइन २० डिग्रीवर वर्षातनं किती दिवस असतं?

किती फरक पडतो

गरम झालं की द्रव फुगतं, वजन तेवढंच राहतं, म्हणून एका लिटरमधे बसणारे किलो कमी होतात, थिअरी एवढीच. आपली गफलत होते कारण आपण लहानपणापासून पाणी बघत आलोय आणि पाणी फारच कमी फुगतं, ३० डिग्रीच्या आसपास पाणी जेवढं फुगतं त्याच्या साडेतीन पट टोल्युइन फुगतं. त्यामुळे "एवढ्यानं काय होतंय" हे पाण्याला चालतं, सॉल्व्हंटला चालत नाही.

टोल्युइनची घनता दर डिग्रीला ०.०००९३ नी कमी होते. म्हणजे फॉर्म्युला असा:

घनता = ०.८६६९ − ०.०००९३ × (तापमान − २०)

तापमान २० च्या खाली असेल तर कंसातला आकडा मायनस येतो आणि घनता आपोआप वाढते, वेगळं काही करायला नको. एक्सेलमधे एकदा टाकून ठेवा, विषय संपला. ज्यांना भिंतीवर चिकटवायला तक्ता हवा त्यांच्यासाठी काढलेले आकडे:

१० डिग्री – ०.८७६२
१५ डिग्री – ०.८७१६
२० डिग्री – ०.८६६९
२५ डिग्री – ०.८६२३
३० डिग्री – ०.८५७६
३५ डिग्री – ०.८५३०
४० डिग्री – ०.८४८३
४५ डिग्री – ०.८४३७
५० डिग्री – ०.८३९०

चौथ्या आकड्यावरनं भांडू नका, पुस्तकापुस्तकात तिथे एखाद-दोनचा फरक असतो आणि आपल्या डिप टेपची चूक त्याहून कितीतरी मोठी असते. ही सरळ रेषा साधारण ६० डिग्रीपर्यंत विश्वासाची आहे, त्याच्या वर खरी घनता रेषेच्या खाली वाकायला लागते. १०० डिग्रीला खरी घनता ०.७९ च्या आसपास असते आणि आपला फॉर्म्युला थोडी जास्त दाखवतो. रिफ्लक्सवर, म्हणजे उकळत ठेवलेल्या, रिॲक्टरमधली लेव्हल या फॉर्म्युल्यानं काढू नका. स्टोरेज टँक, टँकर, ड्रम यांना तो पुरतो.

डोक्यात ठेवायला एकच सोपी गोष्ट, १० डिग्रीला १ टक्क्याच्या जरा वर. २० हजार लिटरच्या टँकरला एका डिग्रीमागे साधारण २१-२२ लिटर.

टँकर आला की

समजा चलनावर १७,००० किलो आहे आणि आपल्या भुईकाट्यावर पण १७,००० च आलं. ड्रायव्हर-क्लीनर दोन्ही वेळेला खाली उतरलेत ना तेवढं बघा, दोन माणसं म्हणजे दीडशे किलो आरामात, आणि भरलेल्याला खाली उतरले, रिकाम्याला गाडीत बसून राहिले असं झालं की भांडण पक्कं. आता हे १७,००० किलो २० डिग्रीला १९,६१० लिटर होतात. पण गाडी कांडल्याहून निघून दोन दिवस उन्हात तापत आली आणि दुपारी दोनला गेटवर उभी आहे, आतला माल ३८ डिग्री. ३८ ला घनता ०.८५०२, म्हणजे लिटर झाले १९,९९५. जवळजवळ ३८५ लिटर जास्त, आणि एक थेंब कुणी ओतलेला नाही.

हाच टँकर खाली करून टँकचा डिप घेतला आणि लिटरला ०.८६७ नी गुणलं की १७,३३६ किलो येतात. झाले की नाही ३३६ किलो जास्त? काका घरनं आणून ओततात ते हेच.

म्हणून नियम करून टाका की पावती किलोवर घ्यायची, लिटर फक्त चेक करायला. काट्याला ऊन-थंडी कळत नाही, लिटरला कळते. आणि तापमान टँकरच्या मॅनहोलमधनं मधल्या उंचीचं घ्यायचं, चलनावर छापलेलं उतरवायचं नाही. चलनावरचं तापमान गाडी भरली तेव्हाचं असतं, आणि कधीकधी तेवढं पण नसतं, सगळ्या गाड्यांना एकच आकडा छापलेला असतो.

टँकचा डिप, नीट घ्यायचा तर

आधी एक सेफ्टीची गोष्ट, आणि ही वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासनं वाफ ठिणगीनं पेटू शकते ते) ४ डिग्री आहे, म्हणजे आपल्याकडे ते वर्षभर पेट घ्यायच्या तयारीतच असतं. पेट्रोलियमच्या नियमात २३ डिग्रीच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेलं सगळं क्लास ए, त्यात हे येतं, नागपूरच्या पेसोचं (स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं सरकारी खातं) लायसन्स उगाच लागत नाही. शिवाय टोल्युइनमधनं वीज नीट वाहून जात नाही, त्यामुळे पाइपातनं जोरात आलं की त्यात स्टॅटिक साठतं. टँकर खाली झाल्या झाल्या लगेच धातूची टेप आत सोडायची नाही, किमान अर्धा तास टँक शांत बसू द्यायचा. टेपचं अर्थिंग जोडलेलं पाहिजे, मोबाइल खाली ठेवायचा, टॉर्च फ्लेमप्रूफ, आणि वारा पाठीकडनं येईल असं उभं राहून झाकण उघडायचं. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती झाकणातनं वर उडून जात नाही, कडेनं खाली उतरते आणि तुमच्या पायाशी येऊन बसते.

आता तापमान. इथेच सगळे आळस करतात. टँकच्या भिंतीला बाहेरनं हात लावून किंवा त्या लेझरच्या बंदुकीनं मोजलेलं तापमान हे पत्र्याचं, मालाचं नाही. दुपारी चारला पश्चिमेकडचा पत्रा ५५ दाखवेल आणि आत माल ३३ ला असेल. शिवाय आतमधे सुद्धा सगळीकडे सारखं नसतं, वरचा थर तापलेला, तळाचा गार, विशेषतः दोन-तीन दिवस टँक हलवला नसेल तर. म्हणून तीन ठिकाणचं घ्यायचं, वरनं, मधनं, तळातनं, आणि सरासरी काढायची. त्यासाठी तळाला कप असलेला थर्मामीटर मिळतो, कप भरून वर येतो आणि थर्मामीटरचा फुगा मालातच बुडलेला राहतो. हा कप महत्त्वाचा आहे. साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोडला आणि वर काढून वाचला तर फुग्यावरचं टोल्युइन वाऱ्यानं भराभर उडतं आणि फुगा गार होतो, आकडा तुमच्या डोळ्यादेखत खाली सरकतो. मी एकदा मुद्दाम बघितलं, वाचेपर्यंत ३४ चा ३१ झाला होता. कप आत सोडला की पाच मिनिटं तिथंच धरायचा, घाई नाही.

एक उदाहरण पूर्ण करू. आमचा टँक ४ मीटर व्यासाचा उभा. डिप १,८४२ मिलिमीटर, डिप चार्टवरनं (उंचीचे लिटर सांगणारा टँकचा तक्ता) २३,१५० लिटर. तापमान वर ३६, मधे ३४, तळाला ३१, सरासरी ३३.७. घनता = ०.८६६९ − ०.०००९३ × १३.७ = ०.८५४२. किलो = २३,१५० × ०.८५४२ = १९,७७५. जुन्या पद्धतीनं ०.८६७ लावलं असतं तर २०,०७१, म्हणजे २९६ किलो जास्त. मे एंडचे ते तीनशे किलो, बघा.

या टँकला १ मिलिमीटर म्हणजे साडेबारा लिटर, पावणेअकरा किलोच्या आसपास. आणि १ डिग्री म्हणजे साडेएकवीस किलो. म्हणजे एका डिग्रीची चूक दोन मिलिमीटरएवढी. डिप घेताना टेपवर पेस्ट लावून, तीनदा सोडून, एकेका मिलिमीटरवर वाद घालणारी माणसं तापमान मात्र अंदाजपंचे लिहितात, हे मला आजही कळत नाही.

टँकचा पत्रा पण फुगतो ना, असं एका ट्रेनीनं विचारलं होतं. चांगला प्रश्न. फुगतो, पण टोल्युइनच्या तुलनेत तिसाव्या हिश्शानं, आपल्या साइजच्या टँकला सोडून द्या. पोर्टवरच्या मोठ्या टर्मिनलला तो पण हिशोबात धरतात.

तळाच्या सँपलला एक नजर मारा. तळाची घनता गणितापेक्षा फारच जास्त आली तर तिथं पाणी आहे. पाणी टोल्युइनमधे मिसळत नाही, खाली बसतं, आणि डिपमधे ते पण मोजलं जातं. पाणी दाखवणारी पेस्ट टेपच्या टोकाला लावली की किती मिलिमीटर पाणी आहे ते रंगावरनं कळतं, तेवढे लिटर आधी वजा करायचे आणि मग घनता लावायची. पावसाळ्यात हे जास्त, आणि व्हेंटवरची टोपी वाकडी असेल तर फारच जास्त.

बॅचमधे काय होतं

स्टॉकचा घोळ परवडला, तो कागदावरचा. खरं नुकसान बॅचमधे. रेसिपीत किलो लिहिलेले असतात आणि फ्लो मीटर लिटरमधे असतो, मग कधीतरी कुणीतरी हिशोब करून बीएमआरवर (बॅचच्या नोंदीचा कागद) "२,००० लिटर चार्ज करा" असं लिहून ठेवलेलं असतं. मे महिन्यात दुपारी ३८ डिग्रीचे २,००० लिटर म्हणजे १,७०० किलो. जानेवारीत पहाटे १४ डिग्रीचे २,००० लिटर म्हणजे १,७४५ किलो. (कोकणात १४ क्वचित, पण कुरकुंभ-नाशिककडच्यांना विचारा.) एकाच बॅचच्या एकाच स्टेपला ४५ किलोचा फरक, अडीच टक्क्यांच्या वर. क्रिस्टलायझेशनला सॉल्व्हंट कमी-जास्त झालं की यील्ड, म्हणजे हाती येणारा माल, हलतं, मग "उन्हाळ्यात यील्ड वेगळंच येतं बुवा" अशी चर्चा चहावर होते आणि दोष चिलरला जातो.

आणि स्टॉकवर याचा परिणाम साठत जातो, हे मला खूप उशिरा लक्षात आलं. उन्हाळ्यात दर बॅचला पुस्तकात २,००० × ०.८६७ = १,७३४ किलो खर्ची पडतात, टँकमधनं खरे गेले १,७००. बॅचमागे ३४ किलो पुस्तकातनं उडाले पण टँकमधे शिल्लकच. २० बॅच झाल्या की ६८० किलो. हिवाळ्यात उलटं. आणि मे एंडला आमच्याकडे तीनशेच कसे निघाले हे पण त्यावरनं कळलं, त्या महिन्यात प्लांट शटडाउनला होता, बॅच झाल्याच नव्हत्या, ते तीनशे नुसत्या डिपच्या गुणाकाराचे होते. बॅच चालू असत्या तर काकांना कंपनीनं सत्कारालाच बोलावलं असतं.

उपाय, पैसे असतील तर मास फ्लो मीटर लावा, तो सरळ किलो दाखवतो. नसतील तर डे टँक (रोजच्या वापराचा छोटा टँक) लोड सेलवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या सेन्सरवर, घ्या. ते पण नसेल तर मीटरच्या शेजारी लाइनमधे एक तापमानाचा गेज लावा आणि ऑपरेटरच्या समोर छोटा तक्ता चिकटवा, की १,७०० किलोसाठी २० डिग्रीला १,९६१ लिटर, ३० ला १,९८२, ४० ला २,००४. तक्त्यात किलो नका देऊ, ऑपरेटरला मीटरवर जे सेट करायचंय ते लिटरच द्या, रात्री तीनला कुणी भागाकार करत नाही.

लॅबमधे घनता मोजायची असेल तर

हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी, सगळ्यांकडे असतो. सँपल उंच काचेच्या नळकांड्यात घ्या, हायड्रोमीटर अलगद सोडा, तो भिंतीला चिकटलेला नसला पाहिजे, बुडबुडे गेले पाहिजेत, आणि डोळा द्रवाच्या पातळीला आणून सपाट पृष्ठभाग जिथे स्केलला कापतो तो आकडा वाचा, काचेला चिकटून वर चढलेली कड वाचू नका. त्याच वेळी, त्याच नळकांड्यातलं तापमान लिहा. टँकवर ३४ होतं म्हणून ३४ लिहायचं नाही, लॅबच्या एसीत येईपर्यंत ते ३० झालेलं असतं.

मग २० डिग्रीवर आणा: वाचलेली घनता + ०.०००९३ × (तापमान − २०). समजा ३४.५ डिग्रीला ०.८५३५ आली, १४.५ × ०.०००९३ = ०.०१३५, बेरीज ०.८६७०. माल ठीक.

अचूक हवं असेल तर डेन्सिटी बॉटल. २५ मिलीची बाटली घ्या, कोरडी करून वजन करा, मग पाणी भरून, मग टोल्युइन भरून, दोन्ही वेळा बाटली एकाच तापमानाच्या वॉटर बाथमधे वीस मिनिटं ठेवून. बूच बसवल्यावर मधल्या बारीक भोकातनं थेंब वर आला पाहिजे, तो पुसायचा, पण भोकाच्या आतलं टिश्यूनं शोषून घ्यायचं नाही, नवीन मुलं हमखास हे करतात. माझ्या वहीतलं एक उदाहरण, ३० डिग्रीला: रिकामी २१.४१२ ग्रॅम, पाण्यानं भरलेली ४६.३५३, टोल्युइननं भरलेली ४२.८९५. टोल्युइन २१.४८३, पाणी २४.९४१, भागाकार ०.८६१४, त्याला ३० डिग्रीच्या पाण्याच्या घनतेनं म्हणजे ०.९९५७ नी गुणलं की ०.८५७७. तक्त्यात बघा, ०.८५७६. बाटली हातात फार वेळ धरू नका, तळहाताच्या उबेनं टोल्युइन बुचातनं बाहेर यायला लागतं, हे तर डोळ्यांनी दिसतं. पाणी केल्यावर बाटली ॲसिटोननं विसळून कोरडी हवा मारा, ॲसिटोनची ओली बाटली ओव्हनमधे घालू नका.

वरचा तो भागाकार, ०.८६१४, हे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या किती पट ते. घनता नाही. इथे सीओए (सप्लायरचं मालाच्या तपासणीचं सर्टिफिकेट) वाचताना फार गोंधळ होतो. एका सप्लायरच्या सीओएवर ०.८७२ असतं, दुसऱ्याच्या ०.८६५, आणि आपली लॅब ०.८५८ काढते, मग परचेसवाले म्हणतात तीन माणसं तीन आकडे. तिन्ही बरोबर असू शकतात. ०.८७२ हे १५.६/१५.६ डिग्रीचं (आधी मालाचं तापमान, मग पाण्याचं) स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचं ६० फॅरनहाइट. ०.८६५ हे २५/२५ चं. आणि ०.८५८ ही ३० डिग्रीची घनता. आकड्याशेजारी बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं ते आधी शोधा, नसेल तर सप्लायरला मेल टाका, त्याशिवाय तो आकडा निरुपयोगी. आपल्याकडच्या काचसामानावर २७ डिग्री छापलेलं असतं ते पण याच भानगडीतलं, आपली हवा गरम म्हणून इथलं काचसामान २७ ला कॅलिब्रेट करतात, बाहेरून आलेलं बरंचसं २० ला. २७/२७ ला टोल्युइन ०.८६३ च्या आसपास यायला पाहिजे.

घनता बरोबर आली म्हणजे माल शुद्ध, असं मात्र समजू नका. मेटा झायलिनची घनता २० डिग्रीला ०.८६४ आणि पॅराची ०.८६१, टोल्युइनच्या इतकी जवळ की त्यांची भेसळ हायड्रोमीटरला दिसणारच नाही. बेंझिन ०.८७९ आणि हेक्झेन ०.६५९, दोन्ही हिशोबानं टाकली की घनता जिथल्या तिथं. घनता चुकली तर माल नक्की चुकलाय, घनता बरोबर आली तरी जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी, घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) लावायचीच.

ड्रम आणि बंद पाइप

ड्रममधे १८० किलो भरतात. २० डिग्रीला ते २०७.६ लिटर, आणि ड्रम उन्हात ४५ ला तापला की २१३.४ लिटर. पावणेसहा लिटर वाढले, ड्रम तेवढाच. वर रिकामी जागा सोडलेली असते ती यासाठी, "अजून दोन किलो बसतंय" म्हणून काठोकाठ भरू नका. आपल्या ड्रमची काठापर्यंतची क्षमता काय आहे ते ड्रमवाल्याला विचारून ठेवा. हिवाळ्यात पहाटे भरलेला ड्रम मेमधे बाहेर उभा असतो हे लक्षात असू द्या. फुगलेल्या ड्रमचं बूच एकदम उघडायचं नाही.

पाइपचं प्रकरण याहून वाईट. दोन व्हॉल्व्हच्या मधे टोल्युइननं पूर्ण भरलेली लाइन दोन्हीकडनं बंद करून ठेवली आणि वर ऊन आलं की माल फुगायला बघतो पण जागाच नाही. एकेका डिग्रीला दाब कित्येक बारनं चढतो. आमच्याकडे सकाळी टँकर खाली करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि दुपारी जेवून येईपर्यंत फ्लँजचं गॅस्केट फाटून खाली डबकं झालेलं. नशीब, बाजूला वेल्डिंग चालू नव्हतं. तिथे आता थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह आहे, दाब वाढला की उघडणारा आणि टँककडे परत जाणारा. तुमच्या लाइन एकदा या नजरेनं फिरून बघा.

दुसरं सॉल्व्हंट असेल तर

पद्धत तीच, २० ची घनता आणि दर डिग्रीची घट एवढे दोन आकडे बदला. मिथेनॉल ०.७९१, घट ०.०००९४. ॲसिटोन ०.७९०, घट ०.००११, हे जरा जास्तच फुगतं. बेंझिन ०.८७९, घट ०.००१०७. ॲनिलिन १.०२२, घट ०.०००८५. इथिलिन ग्लायकॉल १.११३, घट ०.०००७, हे त्यातल्या त्यात शहाणं. मिथिलिन क्लोराइड १.३२६ आणि घट ०.००१८, टोल्युइनच्या दुप्पट, त्यामुळे याच्या (एमडीसीच्या) टँकला आणखी काळजी घ्या. मिथेनॉल आणि ॲसिटोन पाणी पितात आणि पाण्यानं त्यांची घनता वाढते, तिथे आधी पाणी तपासायचं आणि मग तापमानाची दुरुस्ती, नाहीतर एक चूक दुसरीला झाकते. फिनॉल आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडचं वेगळं, फिनॉल ४१ च्या आसपास गोठतं आणि ॲसेटिक १६.६ ला, त्यांचा तक्ता वितळलेल्या मालाचाच वापरा.

शेवटी रजिस्टर. आम्ही डिप रजिस्टरला तापमानाचे तीन कॉलम वाढवले आणि चौथा सरासरीचा. काकांनी पहिले आठ दिवस कुरकुर केली मग तेच बाकीच्यांना ओरडायला लागले. पुढं वर्षभरानं त्यांनीच मला बोलावलं, म्हणाले हा थर्मामीटर बघ रे, मला शंका येते, पाऊस पडून गेला तरी हा उतरत नाही. आम्ही कँटीनमधनं बर्फ आणला, फोडून थोड्या पाण्यात घातला, थर्मामीटर त्यात पाच मिनिटं धरला. शून्य दाखवायला पाहिजे होता, ३ वर थांबला, बारकाईनं बघितलं तर पारा वर एका ठिकाणी तुटलेला. तीन डिग्री म्हणजे आमच्या त्या टँकला ६५ किलो. तेव्हापासनं दर महिन्याच्या एक तारखेला बर्फ आणायचं काम स्टोअरकडे आहे.